भिंतीवरचा डाग

रंगारी म्हणाला, "ताई, हा तेलाचा डाग आधी घासावा लागेल, नाहीतर रंगातून वर येईल."

खिडकीजवळ, खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल त्या उंचीवरचा तो डाग माझ्या वडिलांचा. शेवटच्या महिन्यात अण्णा खुर्चीतच झोपत.

"माणसासारखं आडवं झोपा," मी म्हणायचे.

"आडवं झालं की दम कोंडतो गं."

"वॉचमनच व्हायचं होतं तुम्ही!" असं म्हणत एक दिवस मी खुर्ची माळ्यावर टाकली. अण्णा मुकाट्याने पलंगावर आडवे झाले.

पुढे डॉक्टरांनी समजावलं. पाणी फुफ्फुसात नव्हतं, त्याच्याभोवती साठलं होतं. बसलं की ते खाली राहतं. आडवं झालं की पसरतं, आणि फुफ्फुसाला फुलायला जागा उरत नाही. सुईने काढलेलं पाणी बाटलीत कोऱ्या चहासारखं दिसत होतं. तोवर उशीर झाला होता.

अण्णांच्या शरीराला जे उमगलं होतं, त्याला मी हट्ट म्हणत होते, आणि तेही काळजीपोटी.

"घासा," मी रंगाऱ्याला म्हणाले.

दुपारी त्याच पलंगावर आडवी झाले. छाती भरून श्वास आला आणि लगेच झोप लागली.