कुंदाचा शाळेतला शेवटचा दिवस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, देवासमोर बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. सतरा वर्षं झाली. आज लिहायला बसले आहे ती मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — हलकं व्हायचा मला हक्क नाही. मागच्या महिन्यात कुंदाची आई गेली. तिच्यामागे मी रडले, आणि ते पाहून बायका म्हणाल्या, बाईंचा किती जीव होता तिच्यावर. ते ऐकल्यापासून मला स्वतःचा संताप आला आहे. म्हणून लिहिते आहे.

कुंदा आठवते तुम्हाला? सत्तरच्या आगेमागे नागपुरात राहत असाल तर आठवेल. धरमपेठेजवळच्या मुलींच्या शाळेतली, दुसरीतली, सात वर्षांची. जानेवारीत एके दिवशी ती शाळेतून घरी आली नाही, ती कधीच आली नाही. त्या हिवाळ्यात शहराला दुसरा विषय नव्हता. मी रोज संध्याकाळी ज्या वाचनालयात जायची तिथं एरवी कुणी खोकलं तरी लोक वळून बघत. त्या दिवसांत तिथं बाजार भरायचा. एका वर्तमानपत्रावर चार-चार डोकी. कुणी म्हणे रिक्षावाल्यानं विकली. कुणी म्हणे सर्कशीत नेली. कुणी शपथेवर सांगे, पारशिवनीकडे कुठल्याशा पुलाच्या पायात पुरली. एक पेन्शनर गृहस्थ तर घरून नकाशा काढून आणत — शाळेचं फाटक, कोपरा, पानठेला, लाल शाईचे बाण. पाच ते साडेपाच, सगळं या अर्ध्या तासात आहे, असं ते ठासून सांगत, आणि मंडळी माना डोलावत.

मला त्या माणसांचा अजून राग येतो. दुसऱ्याचं लेकरू हरवलं आणि यांना संध्याकाळ घालवायला विषय मिळाला. तुम्हीही बोलला असाल — नसाल का? पण त्यांच्यावर रागावणं सोपं आहे, म्हणून मी इतकी वर्षं तेच करत आले. ते चुकीच्या अर्ध्या तासात शोधत होते, कारण खरी वेळ त्यांना कुणी सांगितली नव्हती. पोलिसांनाही नाही. कुंदा पाचपर्यंत शाळेत होती, हे सगळेच धरून चालले होते. हे त्यांना कुणी सांगितलं?

मी. मी तिची वर्गशिक्षिका होते.

तो दिवस सांगते. तो सांगताना मी नेहमी थंडीपासून सुरुवात करते, कारण थंडीबद्दल खोटं बोलावं लागत नाही. थंडी होती. वर्गात बेचाळीस मुली. हजेरी घ्यायची रीत अशी, की एकेक नाव पुकारायचं, ‘हजर बाई’ ऐकायचं, मान वर करून चेहरा पाहायचा आणि मग रेघ ओढायची. सकाळी एकदा, मधल्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा. आणि मी — मी वाचनालयातून एक कादंबरी आणली होती. ती त्याच दिवशी परत द्यायची होती, पुढं दुसऱ्या कुणाचा तरी नंबर लागला होता. शेवटची साठ पानं राहिली होती. मुलींना पाढे लिहायला लावले. हजेरीपट उघडला, कालचा रकाना पाहिला. काल सगळ्या हजर होत्या. आजच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बेचाळीस रेघा ओढल्या आणि मांडीवर पुस्तक घेतलं. दुपारी पुन्हा तसंच. नाव पुकारलं नाही. मान वर केली नाही.

कादंबरी संपली. चांगली होती.

कुंदाचे वडील ऑफिसला जाताना तिला सायकलवरून शाळेच्या कोपऱ्यावर सोडत. संध्याकाळी दौलत नावाचा सायकलरिक्षावाला तिला आणि आणखी पाच मुलींना घरी पोचवायचा. मुली त्याला दौलतमामा म्हणत. त्या संध्याकाळी तो साडेपाचपर्यंत फाटकाशी उभा राहिला, मग बाकीच्यांना सोडून कुंदाच्या घरी गेला आणि तिच्या आईला त्यानं विचारलं, पोरगी आज शाळेत आली होती का? एकट्या त्या माणसानं पहिल्याच तासात बरोबर प्रश्न विचारला होता. पुढं हाच प्रश्न त्याच्या अंगावर आला. याला सकाळचं काय पडलंय, पोरींना सोडून हाच परत फाटकाशी आला असेल — असं लोक म्हणाले.

सात वाजता शिपाई मला बोलवायला आला. मुख्याध्यापिकेच्या खोलीत कुंदाचे वडील उभे होते, पॅण्टला सायकलची क्लिप तशीच. मुख्याध्यापिकेनं हजेरीपट माझ्यापुढं सरकवला. आली होती ना? मी तिचा चेहरा आठवून पाहिला. आदल्या दिवशीचा आठवला, त्या दिवशीचा आठवेना. मी म्हणाले, “हजेरी लागली आहे.” ‘मी पाहिलं’ असं म्हणाले नाही, हे मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला बजावत राहिले. जणू त्यानं काही फरक पडत होता.

तोपर्यंत ती चूक होती. त्या रात्रीपुरती चूकच म्हणा हवं तर. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाच्या शेजारी बसणारी विमल उभी राहिली, आणि सगळ्या वर्गादेखत म्हणाली, “बाई, कुंदा तं कालपण नव्हती आली.”

मी तिला काय म्हणाले असेन? मी म्हणाले, विमल, खोटं बोलू नये, तुला काल आणि परवा यातला फरक कळत नाही, बस खाली. ती बसली. सात वर्षांची पोर, तिला बाईंपेक्षा जास्त कळतं असं वाटण्याचं काही कारण नव्हतं. दुपारी फौजदार वर्गात आला आणि मुलींना त्यानं गोडीगुलाबीनं विचारलं, काल कुंदा होती ना गं? विमलनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, होती. तिच्यामागून सगळ्या म्हणाल्या, होती. एका सुरात, पाढे म्हणावे तशा.

काहून, असं तुम्ही विचाराल. मला दोन महिन्यांनी नोकरीत कायम करणार होते. बस, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं. मी सतरा वर्षं शोधते आहे, सापडत नाही.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी चार दिवस थांबले. रोज कागद समोर घ्यायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा. कुंदा नाहीशी झाल्याच्या चौथ्या दिवशी फौजदार एका माणसाला घेऊन शाळेत आला. नरखेडकडचा बागवाला, धोतर, डोक्याला मफलर. कुंदा नाहीशी झाली त्या दिवशी तो संत्र्यांचा माल विकून सकाळच्या एसटीनं गावाकडं परतत होता. गावात कुणीतरी पेपरातला कुंदाचा फोटो दाखवला, तसा हा माणूस आपल्या खर्चानं एसटीनं परत नागपूरला आला होता. फौजदार कंटाळला होता. रोज असे दहा येतात बाई, म्हणाला, पण वरून हुकूम आहे, म्हणून तुमच्यासमोर आणला.

त्या माणसानं मला हात जोडले आणि सांगितलं. काटोल नाक्यावर एक बाई एका मुलीला घेऊन गाडीत चढली. साडेअकरा वाजले असतील. मुलीचा निळा फ्रॉक, लाल रिबिनी. “पोरगी रडून राहिली होती, बाई. म्या विचारलं, काहून रडते वं? तं ती बाई म्हणे, तिची आजी मेली. अन् पोरगी म्हणे, मले शाळेत जाचं आहे.” दोघी काटोलला उतरल्या. ती बाई पुन्हा दिसली तर आपण ओळखू, असंही तो म्हणाला.

फौजदारानं मला विचारलं, “साडेअकराला मुलगी कुठं होती, बाई?”

“वर्गात.”

“नक्की?”

“हजेरी माझ्याच हातची आहे.”

बागवाल्यानं मफलर सोडला, पुन्हा बांधला. “तं मग माह्याच डोळ्याले भास झाला असन,” तो म्हणाला. “माफ करा बाई, तुमचा टाइम खाल्ला.” आणि मला — मला — पुन्हा हात जोडून तो गेला. फौजदारानं त्याचं नावही लिहून घेतलं नाही.

चार दिवस. काटोल म्हणजे काही विलायत नव्हे. चार दिवसांत ती बाई कुठं उतरली, कुणाकडं गेली, हे कुणीतरी सांगितलं असतं. नसतंही कदाचित. पण कुणी विचारायला गेलंच नाही, कारण मी ‘वर्गात’ म्हणाले. एक शब्द. मला शाळेत जायचं आहे असं ती रडून सांगत होती, आणि मी इकडं सांगत होते की ती शाळेतच आहे.

दौलतला पोलिसांनी अकरा दिवस ठेवलं. सुटला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. पुरावा काहीच नव्हता, पण त्यानंतर त्याच्या रिक्षात एकाही आईनं मूल बसवलं नाही. तो सिमेंटची पोती वाहू लागला. रस्त्यात मी दिसले की हँडल सोडून नमस्कार करायचा. मी शाळेची बाई ना!

मग सभा झाली. शाळेच्या मैदानात, नागरिकांची. मुलांच्या सुरक्षिततेविषयी मोठमोठी भाषणं झाली, पोलिसांचा निषेध झाला. मलाही बोलायला लावलं. मी हळू बोलणारी, पण पुस्तकं वाचलेली. माझं भाषण सगळ्यांत चांगलं झालं. मी म्हणाले, त्या दिवशी कुंदा खूप आनंदात होती, तिनं कविता न अडखळता म्हटली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. लोक रडले. पहिल्या रांगेत कुंदाची आई बसली होती.

त्या आठवड्यापासून ती माझ्याकडे येऊ लागली. दर शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. सुरुवातीला दारातच उभी राहायची. “आणखी सांगा ना बाई,” म्हणायची. “तिनं डबा संपवला होता का? मेथीचे पराठे होते. मेथी तिले आवडत नसे, मीच दिले रागानं.” मी म्हणाले, सगळे संपवले, बोटं चाटत होती. कुंदाच्या आईनं पदर तोंडावर धरला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. त्या वर्षापासून कुंदाच्या वाढदिवसाला ती मेथीचे पराठे करून माझ्या घरी आणायची आणि मी खाताना समोर बसून राहायची. मी खायची. सगळे. दर वर्षी.

तिच्या नवऱ्यानं मुलीला कोपऱ्यावर सोडलं होतं, फाटकात नाही. शाळेत पोचली होती म्हणून त्या घरात कुणी त्याला बोल लावला नाही. माझ्या खोटेपणानं त्यांचा संसार तरी वाचला, असंही मी मनाशी म्हणून पाहिलं आहे. बघा, किती खालपर्यंत जाऊ शकतं माणूस. तो बिचारा आठ वर्षांत खंगून गेला. त्याला काय वाटत होतं, हे विचारण्याची हिंमत मला झाली नाही.

मी कायम झाले. पुढं त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाले. कुंदाच्या आईशी माझी मैत्री झाली, आणि ही मैत्री खरी होती — हे लिहितानाच मला सगळ्यात जास्त चीड येते. शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसले. तिनं पुन्हा तो दिवस सांगायला सांगितलं. मी सांगितला. सांगता सांगता एक नवीन गोष्टही घातली: कुंदानं पाटीवर आईचं चित्र काढलं होतं म्हणून. ती म्हणाली, “हे तुम्ही आधी नव्हतं सांगितलं, बाई.” मी म्हणाले, आत्ता आठवलं. ती बराच वेळ माझ्याकडं पाहत होती. मग म्हणाली, “आणखी आठवलं तं सांगा.” तीन दिवसांनी ती गेली.

तेरवीला मी गेले होते. अंगणात पंगत बसणार होती. मला कुंदाच्या मामानं खुर्ची दिली, बाकीच्या बायका सतरंजीवर. तेवढ्यात फाटकाशी दौलत आला. केस पांढरे झालेले, सदरा धुतलेला. मामा धावत गेला.

“तू काहून आला गा इथं?”

“कुंदाच्या मायले हात जोडतो न् जातो. फोटोले. आत नाही बसत.”

म्हाताऱ्या बायकांनी पोरांना जवळ ओढलं — त्या पोरांचे आईबाप कुंदाच्या वयाचे असतील. मामा माझ्याकडं वळला. “बाई, तुम्हीच सांगा. तुमच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत? याले येऊ देऊ का?”

त्या घटकेला माझी नोकरी जाणार नव्हती. कोणी फौजदार समोर नव्हता. कुंदाची आई नव्हती, तिला धक्का बसेल असं म्हणण्याचीही सोय नव्हती. पंचवीस-तीस माणसं ऐकायला बसली होती, आणि प्रश्न सरळ मला विचारला होता.

मी म्हणाले, “आज नको. उगाच लोक बोलतील.”

दौलतनं ते ऐकलं. त्यानं फाटकाबाहेरूनच फोटोच्या दिशेनं हात जोडले — ती दोन बोटं जुळली नाहीत — आणि मग माझ्याकडं पाहून म्हणाला, “बराबर आहे बाई.” तो गेला. मामानं फाटकाची कडी लावली, पानं मांडली, आणि मला पहिल्या पानावर बसवलं. मी बसले. जेवले.