प्यो गिदोंगच्या तीन ओळी

सोमजिन नदीकाठच्या आमच्या गावातली निम्मी छपरं प्यो गिदोंगनं शाकारलेली. हात चपळ, पण जीभ अडखळायची. कुणी काही विचारलं की नुसती मान हलवायचा. बायको माल्सुन म्हणायची, "आमच्यात एक बोलतं, एक ऐकतं. भांडण होणार कसं?"

एकदा तो वैद्य बांग आजोबांच्या दुकानावर कौलं बसवत होता. खाली म्हातारी मंडळी ढोलाच्या ठेक्यावर सीजो गात बसली होती. तीनच ओळींचं जुनं कोरियन गाणं, पण एकेक अक्षर इतकं लांबवायचं की चहा निवून जावा. गिदोंग वरून गुणगुणू लागला आणि चपापला. जीभ कुठंच अडली नव्हती.

"वर कोण गातंय? खाली ये," आजोबा म्हणाले.

"म-मला ये-येत नाही."

"इथं घाई करणाऱ्याला हाकलतो आम्ही. तुला कोण हाकलणार?"

तीन वर्षं तो दर गुरुवारी जात राहिला. पहिल्या ओळीत विषय काढायचा, दुसरीत वाढवायचा, तिसरीच्या पहिल्या तीन अक्षरांत वळायचं, एवढं पक्कं झाल्यावर आजोबांनी त्याला स्वतः रचायला सांगितलं. बाकीच्यांनी पाइन वृक्ष, चंद्र, राजनिष्ठा असलं घेतलं. चुसोकला, सुगीच्या सणाला, भर अंगणात गिदोंग उभा राहिला. माल्सुन पदराशी चाळा करावा तशी पोलक्याच्या बंदाचं टोक पिळत बसली होती. त्यानं सुरुवात केली:

कौलांवर चढलो मी, गाव सारं खाली दिसे;
नदी दिसे, शेत दिसे, दूर निळे डोंगरही;
आणि तू अंगणात उभी, कौल हातातच राही.

सीजो गाताना शेवटचा शब्द म्हणत नाहीत. त्यामुळे तो 'हातातच' वर थांबला आणि ढोल वाजला. एकदाही अडखळला नाही. मंडळींनी दाद देत मांडीवर थापा मारल्या.

माल्सुनला ही रीत ठाऊक नव्हती. घरी जाताना तिनं विचारलं, "अहो, ग्युसिकचे बाबा, हातातच काय? पडलं का फुटलं?"

"रा-रा-राही."

"एवढंच ना? मग म्हणायचं की तिथंच. मी आपली घाबरले."

ती बरंच अंतर गप्प चालली. गिदोंगला त्याचंच नवल वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी मिरच्या वाळत घालत होते, होय ना?"

त्यानं मान हलवली.