दहा ठोकळ्यांचा मनोरा

मुलांनो, तुमच्यातल्या थोरलीने कॉलेजात बालविकास हा विषय घेतल्याचे पत्र आले. "आजी, तूही हेच शिकलीस ना? पुढे कुठल्या नोकऱ्या मिळतात?" असे तिने विचारले आहे. तिने नाव घालण्याआधीच मी हे उत्तर द्यायला हवे होते. निदान पहिल्या परीक्षेआधी देते.

१९५० नंतरच्या त्या वर्षांत नागपूरला आमच्या वर्गात बारा मुली होत्या. बहुतेकींच्या घरी हा विषय म्हणजे लग्नाची तयारी होती आणि निम्म्या जणींना तीच नोकरी लागली. उरलेल्यांपुढे शाळा, प्रसूतिगृह किंवा सरकारी बालवाडी. मला बालवाडी मिळाली, वडसा स्टेशनापासून बैलगाडीने दिवसभर लांब, जंगलाला लागलेल्या गावात. मी चांद्याच्या वकिलाची मुलगी. चिखलात पाय घातला नव्हता.

आमच्या प्राध्यापिका म्हणत, "जे दिसते तेच लिहा, मनाचे घालू नका." त्या वाक्याचा मला आजही राग येतो. आम्हाला काय दिसते, हे त्यांनी एकदाही तपासले नाही.

त्या वर्षी तालुक्याच्या वसतिगृह-शाळेत गावातून एका मुलीला जागा होती. निवड माझ्या शेऱ्यावर. आजीजवळ वाढणारी सहा वर्षांची एक पोर होती, माझ्याशी चकार शब्द न बोलणारी. इंग्रजी पुस्तकाप्रमाणे मी तिच्यासमोर लाकडी ठोकळे ठेवले आणि म्हटले, "यांचं काहीतरी बांध." पुस्तकात दहा ठोकळ्यांच्या मनोऱ्याला पूर्ण गुण होते. तिने ठोकळे जमिनीवर चौकोनात मांडले, एका बाजूला फट ठेवली आणि माझ्याकडे पाहत बसली. मी घड्याळ पाहून लिहिले: "मनोरा रचता येत नाही. बुद्धी मंद. शाळेस अयोग्य." कागद तालुक्याला गेला.

आषाढात धानाची रोवणी सुरू झाली. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या मातीच्या कडेवरून, घसरत चालले होते आणि ती पोर आजीबरोबर बांधीत, धानाच्या चौकोनी तुकड्यात, उभी होती. आजीने धुऱ्याची माती पायाने बाजूला केली आणि त्या फटीतून पाणी खालच्या बांधीत गेले. मी तिथेच थांबले.

आजीने वर पाहिले. "काऊन बाई, पाय फसला का?"

"त्या दिवशी ठोकळ्यांची तिने बांधी केली होती," मी म्हणाले.

"मंग काय करन? घरी आल्यावर सांगे, बाईले बांधी करून दाखवली, पाणी जायाले जागा बी ठेवली, तरी बाई काई बोलली नाई." कमरेवर हात ठेवून ती पुढे म्हणाली, "अन् तुमी तिले येडी लिवलं. सारं गाव सांगते. शिकून आल्या, बांधी दिसत नाई तुमाले?"

बाकीच्या बाया हसल्या. ते हसणे माझ्या वाट्याला यायलाच हवे होते.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत जाऊन मी शेरा मागे घ्यायचा अर्ज दिला आणि ठोकळ्यांच्या बांधीचे सांगितले. साहेबांनी अर्ज वाचलाही नाही. "लिहिताना डोळे कुठे होते, बाई? जागा भरली. आणि बांधीच करायची असेल तर शेतात राहू दे तिला. शाळा कशाला?" कारकून खिदळले. शाळा कशाला, हे त्यांना मीच लिहून दिले होते.

परत येऊन पोरीच्या आजीला सांगितले. तिने हातातले सूप खाली ठेवले नाही. "आता इथी येऊ नका," एवढेच म्हणाली. पोर दाराआडून पाहत होती. पुढे दोन वर्षे मी त्या गावात होते. ती माझ्या बालवाडीत आली नाही, शाळेतही गेली नाही.

मी नोकरी सोडली नाही. त्यानंतर परीक्षा घेण्याआधी प्रत्येक मुलाच्या घरी आणि शेतावर जाऊ लागले, पण ते इतरांच्या उपयोगाला आले. तेव्हा थोरलीला माझे उत्तर असे: नोकऱ्या मिळतात, आणि त्यांत तुझ्या हातात लेखणी देतात.

त्या शेऱ्याची कार्बन प्रत माझ्या लोखंडी पेटीत आहे. अक्षरे पुसट झाली आहेत, पण "अयोग्य" हा शब्द आणि खालची माझी सही अजून वाचता येते.