निवृत्त व्हायला अजून वेळ आहे

काशीला ब्रह्मा घाटावर राहणाऱ्या कॉलेजच्या मित्राकडे सुट्टीला गेलो होतो. सकाळी गरम कचोरीचं ताट समोर आलं आणि त्याच्या आईने मायेने विचारलं, "निवृत्त झालास का रे?"

माझ्यातला सरकारी साहेब जागा झाला. "नाही हो काकू, अजून दोन वर्षं आहेत. मुदतवाढ मिळाली तर तीही घेईन."

काकूंनी ताट उचललं आणि पुढ्यात इसबगोलाचा पेला ठेवला. मित्र हसून हसून लोळत होता. "अरे गाढवा, आमच्या बनारसी मराठीत निवृत्त होणं म्हणजे पोट साफ होणं!"

"काकू, मग मी पहाटेच निवृत्त झालो!" मी ओरडलो.

"लाजू नको, पी," काकू म्हणाल्या.

माझी कचोरी तोडत मित्र म्हणाला, "आई, याला दुपारी खिचडीच दे. सरकारी माणूस आहे, फाईल लवकर सुटत नाही."