नऊ वीसची झोप

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी कायम हसत आले. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही विचुंब्यात राहतो, नव्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. माझं माहेर पनवेल शहरातलं, सासर इथलंच. गेल्या वर्षी मला एका हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर नाईट शिफ्ट होती. दिवसाची झोप म्हणाल तर नावाला. डोकं सतत जड, मुलींवर उगाच चिडचिड. शेवटी डॉक्टरांनी बजावलं — रोज ठरल्या वेळी आडवं व्हायचं, खिडकीला जाड पडदे, पहाटेनंतर चहा बंद, मोबाईल खोलीबाहेर. मी पक्की हट्टी, सगळं पाळलं. आठवड्याभरात सकाळी नऊला पडले की वीस मिनिटांत गाढ!

हे एका कंपनीच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर आहेत. त्याच आठवड्यात एकदा जेवताना म्हणाले, "आज गाडी चालवताना डोला लागला. पुढच्या सीटवरच्या बाईंनी खांदा धरून हलवला, म्हणून वाचलो."

"किती वाजता?"

"नऊ वीस झाले असतील."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्या सकाळी नऊ वीसला मीही दचकून उठले होते. कोणीतरी खांदा गदागदा हलवल्यासारखं... मुली शाळेत, दाराला आतून कडी, घरात मी एकटी.

योगायोग असेल, म्हटलं. तरी रविवारी नणंद आली तेव्हा तिला यांच्यावर नजर ठेवायला सांगून मी आत झोपले. जाग आली ती स्वतःच्याच ओरडण्याने. नणंद दारात उभी, पांढरीफटक. "वयनी, दादा टीव्ही बघता बघता कलंडला. मी त्याला हलवला आन् तू आतून ओरडलीस!"

बसमध्ये चाळीस माणसं असतात हो! डे शिफ्ट मिळेपर्यंत, हे गाडीवर असताना मी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. नंतर सगळं सुरळीत झालं. रात्री दोघं एकदमच झोपायचो.

मग माझं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. भूल देणार होते. मी यांना रजा घ्यायला लावली, बाहेर बाकावर नणंदेजवळ बसवलं. हे हसले. "येडी झालीस तू. मना काय नाय व्हत."

शुद्धीवर आले तेव्हा नणंद रडत होती. मला आत नेल्यावर थोड्याच वेळात हे बाकावर आडवे झाले होते. पाणी मारलं, चिमटे काढले, डॉक्टरांनी तपासलं — सगळं नॉर्मल, पण जाग नाही. तब्बल दोन तास! आत मी डोळे उघडले आणि बाहेर हे उठून बसले.

आता हे हसत नाहीत. याचा उलगडा मला आजवर झालेला नाही, तुम्हाला झाला तर जरूर सांगा. डॉक्टर म्हणतात, झोप छान आहे, सवय मोडू नका. नाहीच मोडत. पण रोज दिवा मालवताना मनात येतं... एखाद्या सकाळी मी उठलेच नाही, तर यांना कोण उठवणार?

आमच्या मुली सहा आणि नऊ वर्षांच्या आहेत.