विलायतेला गेलेली चावी

कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारी माणसं पुष्कळ असतात. आमची कुलूपमावशी ते ओढायची, चार पावलं चालायची आणि तेवढ्या वेळात कुणी काही केलं असेल म्हणून परत येऊन पुन्हा ओढायची. तरीही समाधान झालं नाही, तर जवळच्या माणसाला ओढायला लावायची. त्यानं ओढलं की त्याच्याकडे अशी बघायची, जणू तो कुलपाची ताकद अजमावून गेला.

आमचं गाव नळदुर्गच्या जवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. तिथं आमचं लहानसं मेथडिस्ट चर्च आहे. दगडी भिंती, वर पत्रे, पुढं मोठं कडुलिंबाचं झाड. मावशी तरुणपणी मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात कोठी सांभाळायची. गूळ, शेंगदाणे, रॉकेल, सगळं तिच्या कुलपात. बोर्डिंग बंद पडलं, पण मावशीची नजर कोठीवालीचीच राहिली. चर्चची चावी कशी कोण जाणे तिच्याकडे आली, आणि ती परत मागायची छाती कुणाला झाली नाही. आलेले पाळकसाहेब बदलून जायचे, चावी मावशीच्या कमरेलाच असायची.

तिला सगळ्यांचाच संशय यायचा. दूधवाला हसला की, "आज पाणी जास्ती घातलंय जणू." कुणी नमस्कार केला की, "काय काम हाय ते सांग आधी." चर्चसमोर राहणाऱ्या रशीदाखालाच्या घरचा चहा तेवढा ती न हुंगता प्यायची. खालाची आणि तिची लहानपणापासूनची मैत्री. पण खालाविषयीही तिचं मत ठरलेलं होतं, "लई भोळी हाय ती. कुणी मागितलं की देऊन टाकती."

रस्ता चौपदरी झाला आणि मावशीच्या संशयाला खाद्य मिळालं. चर्चच्या जागेची चौकशी करायला कुणी तरी गाडीतून येऊन गेलं होतं. ढाब्याला फार छान जागा आहे, असं तो माणूस म्हणाला म्हणे. पाळकसाहेबांनी त्याला तिथूनच वाटेला लावलं. पण मावशीच्या डोक्यातून तो ढाबा काही जाईना. आणि नेमकी त्याच सुमाराला तिला विलायतेला पाठवायची टूम निघाली.

मेथडिस्ट पंथ जिथं सुरू झाला ती इंग्लंडातली ठिकाणं दाखवणारी एक सहल निघत होती. मावशीनं जन्मभर चर्चची सेवा केली, तिला पाठवू, असं पाळकसाहेबांनी सुचवलं आणि सगळ्या मंडळीनं ते उचलून धरलं. मी तुळजापूरला शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून सोबतीला माझी नेमणूक झाली. दुसरी कुणी असती तर तिचे डोळे भरून आले असते. मावशीनं डोळे बारीक केले. "मला येवढ्या लांब धाडायची ह्यास्नी घाई का सुटलीय?"

व्हिसासाठी बोटांचे ठसे घेतले तेव्हा तर तिची खात्रीच पटली. अंगठा उठवून घेतला की जागा जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "दाही बोटं घेतली गं. अंगठ्यावर भागलं न्हाय त्यांचं," ती बाहेर आल्यावर मला म्हणाली. मी तिला समजावलं. तेव्हापासून तिला माझाही संशय यायला लागला.

विमानतळावर यंत्र ओरडलं. मावशीच्या कमरेच्या पिशवीतून वीतभर लांबीची लोखंडी चावी निघाली. मी कपाळावर हात मारला. "मावशी, ही इथं कशाला आणलीस? खालाकडं तरी ठेवायची!"

"मी सांगितलं न्हवतं का, ती भोळी हाय म्हणून?"

चावी ट्रेमधून पुढं निघाली, तशी मावशी त्या पट्ट्याच्या कडेकडेनं, चावीवरची नजर न हलवता चालत राहिली.

लंडनच्या हॉटेलात खोली उघडायला प्लास्टिकचं कार्ड मिळालं. मावशीनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "ह्या पत्त्यानं दार उघडतंय, म्हंजे दुसऱ्याच्या पत्त्यानंबी उघडत आसंल." तिनं दाराला खुर्ची लावली, खुर्चीवर बॅग, बॅगेवर माझी बॅग. चावी घरून आणलेल्या चहाच्या डब्यात पुरली. हे करताना तिनं मला भिंतीकडे तोंड करायला लावलं होतं, पण समोर आरसा होता.

पहिल्याच रविवारी, आमच्याकडे उपासनेची वेळ झाली तेव्हा, लंडनला नुकतं फटफटत होतं. पाळकसाहेबांचा फोन आला. "मावशींना विचारता का, चावी कुणापाशी ठेवलीय? सगळी मंडळी दारात उभी हाय."

मावशीनं फोन घेतला. "चावी माझ्यापशी हाय."

"तिकडं? विलायतंला?"

"मंग कुठं ठिवू?"

मग पाळकसाहेब म्हणाले, "बरं मावशी. आमी बाहीर बसतो, लिंबाखाली."

मी सुटकेचा श्वास टाकला. मावशी मात्र बिछान्यावर ताठ बसून राहिली. "लगीच बरं म्हणला. भांडला न्हाय, काय न्हाय. कायतरी घोळ हाय ह्यात."

ब्रिस्टलला पंथाची सगळ्यात जुनी इमारत पाहिली. आमची गाईड, पांढऱ्या केसांची उत्साही बाई, सांगत होती की त्या काळी लोक उपदेशकांवर दगड मारत, म्हणून खालच्या भागात रस्त्याकडे खिडक्या ठेवल्या नसाव्यात. वरच्या मजल्यावर उपदेशक राहत. तिथून खालच्या सभागृहात डोकावायला एक खिडकी होती. सगळ्या प्रवासात मावशी पहिल्यांदाच खूश झाली. त्या खिडकीतून तिनं बराच वेळ खाली पाहिलं. "शाणी माणसं हुती. कोण येतंय, कोण जातंय, सगळं दिसतंय हितनं. आपल्याकडंबी पाहिजे हुती आशी एक."

ती खुशी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. वाटेत एका गावात चहाला थांबलो. समोर टोकदार कमानींची एक देखणी इमारत होती. मी मावशीला म्हटलं, बघ, हेही चर्च. आत गेलो तर गालिचे. गुंडाळलेले, टांगलेले, भाव लावलेले गालिचे. जिथं वेदी असायची तिथं गल्ला होता. गाईडनं ओशाळून सांगितलं की हे मेथडिस्ट चॅपल होतं. लोक यायचे कमी झाले, मग विकलं. अशी बरीच विकली गेली.

मावशीनं मला हाताला धरून गाईडसमोर उभं केलं. "हिला इचार, चावी कुणापशी हुती?"

मी भाषांतर केलं. गाईडनं गल्ल्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "कुणाकडे तरी असेलच. पण आत यायलाच कुणी नव्हतं."

"माणसं आली न्हाईत, का येऊ दिली न्हाईत?" मावशीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर जाऊन बसली. तिचा चेहरा पडला होता. मला तेव्हा पहिल्यांदा तिची कीव नाही, काळजी वाटली. एवढे दिवस मी तिला हसत होते. तिला खरोखरच वाटत होतं की परत जाऊ तेव्हा चर्च नसेल.

दुसऱ्या रविवारी तिनं मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. लिंबाखाली सतरंजी, बाजाची पेटी, तबला, सगळी मंडळी. "कुलूप दावा," मावशी म्हणाली. पाळकसाहेबांनी फोन दाराकडे वळवला. कुलूप जागच्या जागी होतं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "दुसरं तसलंच आणून लावलं आसंल."

त्याच दिवशी आम्ही एपवर्थला होतो. पंथाच्या मूळ उपदेशकाचं हे जन्मगाव. चर्चच्या बाहेर एक थडगं आहे, त्यांच्या वडिलांचं. गाईडनं सांगितलं की वडिलांच्याच चर्चमध्ये मुलाला बोलू दिलं नाही. तेव्हा ते या थडग्यावर उभे राहिले आणि बाहेरूनच बोलले. माणसं इतकी लोटली, की आत मावलीच नसती.

मी मराठीत सांगत गेले, तशी मावशी माझ्याकडे बघायची थांबली. थडग्यावर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे आत घेतलं न्हाय, तर ह्येबी बाहीरच बसले."

"हो."

"आन दार फोडलं न्हाय."

"नाही फोडलं."

मग ती कमरेची पिशवी चाचपून पुढं चालायला लागली.

गावी परतलो तेव्हा ती घरी गेलीच नाही. बॅगेसकट थेट चर्चच्या दारात. कुलूप हातात घेऊन वळवून पाहिलं, कडी पाहिली, बिजागरी पाहिली. जुनं गंजकं कुलूप, एका दगडाचं काम होतं. आणि दगड तर दारासमोरच पडलेले. पाळकसाहेब आले, मागोमाग खाला आली. मावशीनं त्यांनाच दरडावून विचारलं, "फोडलं का न्हाय?"

पाळकसाहेब गोंधळले. "तुमचं कुलूप हाय ना, मावशी. कसं फोडावं?"

मावशी पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं. खाला शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, सुटली बाई एकदाची संशयातून. पण डोळे पुसून उठल्यावर मावशी म्हणाली, "येकदा न्हाय फोडलं म्हंजे दरखेपी न्हाय फोडणार, आसं थोडंच हाय?" आणि चावी कमरेला खोवली.

यंदाच्या उन्हाळ्यात मावशी गेली. झोपेतच गेली, दाराला आतून खुर्ची लावलेली. मी तुळजापूरहून पोचले तेव्हा चावीची शोधाशोध चालली होती. कमरेच्या पिशवीत नव्हती, उशाखाली नव्हती. आता हे फक्त मलाच माहीत, असं मनाशी म्हणत मी चहाचा डबा उघडला. त्यात चहाच होता. त्या आरशातलं तिला कळलं असणार आणि तिनं जागा बदलली असणार. रडता रडता मला हसू आलं.

पाळकसाहेबांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बाहीरच घेऊ." शवपेटी लिंबाखाली ठेवली. जन्मभर जिनं चर्चचं दार उघडलं, तिची शेवटची प्रार्थना बंद दारासमोर झाली. उन्हात उभी राहूनही माणसं हलली नाहीत. हायवेवरून ट्रक जात होते. समोरच्या ओट्यावर खाला बसून होती. गाणी चालू असतानाही तिची नजर आमच्या हातांवरच होती. मला त्याचं नवल वाटलं.

दफन करून परतलो तेव्हा खाला उठून आली. तिनं ओढणीच्या गाठीतून चावी काढली आणि पाळकसाहेबांच्या हातावर ठेवली.

"खाला, तुमच्यापशी हुती? मंग सकाळी का दिली न्हाय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"गेल्या रविवारी दिली तवाच तिनं मना केलती," खाला म्हणाली. "म्हणली, माझ्या मातीला कुलूप फोडलं, तर चावी बोरी नदीत टाकून दे. न्हाय फोडलं तरच दे. आन नीट बघ म्हणली, कोण कोण दगड हुडकतंय ते."

तिनं आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"कुणीच हुडकला न्हाय. आता हे म्या तिला कसं सांगू?"