वेशीबाहेरचं घर

बारामतीहून इंदापूरकडे जाताना, एमआयडीसी मागे पडल्यावर, उसाच्या फडांमध्ये एक उघडा उंचवटा होता. आजूबाजूची जमीन काळी आणि हा तेवढा राखट पांढरा. लोक त्याला पांढरी म्हणत. जिथं एखादं गाव नांदून उठून गेलं, तिथं चुलींची राख आणि पडक्या भिंतींची माती मिसळून जमीन अशी होते. यादवांच्या काळापासून पुढं काही शतकं हे गाव वसलेलं असावं, असा आमचा अंदाज होता. आता तिथं शीतगृह व्हायचं होतं. पायासाठी यंत्रं येण्याआधी, एका हिवाळ्यात जमेल तेवढं उत्खनन करून घ्यायची परवानगी आम्हाला मिळाली होती.

तुकडीचे प्रमुख सर, ज्यांनी मला हे काम शिकवलं. त्यांच्या हाताखाली मी. माझं माहेर तिथून जवळ, म्हणून मुक्काम घरीच होता. दादा, म्हणजे माझे वडील, दुधाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घरात बसवत नाही म्हणून दुपारी माझा डबा घेऊन मोटारसायकलवर यायचे आणि मग तिथंच घुटमळत राहायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकेक खड्डा नीट पाहिला. गढीचा, देवळाच्या जोत्याचा, तटाच्या आतल्या घरांचा. सगळं पाहून झाल्यावर ते तटाच्या पूर्वेला गेले आणि पडीक रानात बराच वेळ उभे राहिले.

परत येऊन म्हणाले, "हिकडं का खणत न्हाय तुमी? गाव अर्धंच काढताय."

त्यांचं म्हणणं मला फोड करून सांगावं लागलं नाही. आमच्या मुलखात गावाच्या पूर्वेला, वेशीबाहेर, आमच्या लोकांची वस्ती असायची. आजोबांनी छप्पन्ननंतर धम्म स्वीकारला, दादांना नोकरी लागली, मी शिकले, पण दादांचं बालपण त्याच बाजूच्या घरात गेलं होतं. शीतगृहाचा पाया पूर्वेकडूनच सुरू होणार होता. एकदा तिथं काँक्रीट पडलं की वेशीबाहेर कुणी राहत होतं की नाही, हे कधीच कळलं नसतं.

सरांकडे विषय काढला तर ते शांतपणे म्हणाले की बाहेर काही सापडत नाही. दिवस कमी, मजूर कमी, तेव्हा दगडी बांधकाम आहे तिथंच खणलेलं बरं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून मला जास्तच चीड आली. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो. तुकडीतले लोक सकाळी माझा चेहरा बघून मगच चहाचं विचारतात. मी सरांना म्हटलं, बाहेर कधी खणलंच नाही, तर बाहेर काही सापडत नाही हे कशावरून म्हणायचं? ते देवळाच्या खड्ड्याकडे निघून गेले. त्यानंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं होई. मग देवळाच्या खड्ड्यात अपेक्षेआधीच मुरूम लागला, म्हणजे त्याखाली गावाचं काही उरलं नाही, आणि सरांनी तिथल्या दोन बाया माझ्याकडे पाठवल्या. यंत्रं येईपर्यंत काय व्हायचं ते होऊ दे, असा निरोप आला.

पूर्वेच्या रानात खड्डा घेतला, तर सुरुवातीला नुसती माती निघाली. खापरंसुद्धा मूठभर. बायांनाच माझी दया यायला लागली होती. दादा रोज कडेला उभे राहायचे, पण एका शब्दानं विचारायचे नाहीत, आणि त्याचंच मला ओझं व्हायचं. कुडाचं, गवतानं शाकारलेलं घर जमिनीत उरणार तरी किती? सरांचंच खरं ठरलं तर दादांना काय सांगू, याची मला धास्ती होती.

मग एका सकाळी खुरप्याखाली माती टणक लागली. ब्रशनं झाडत गेले तशी सारवलेली जमीन दिसू लागली. कडेनं मेढी रोवल्याचे गोल खड्डे, कोपऱ्यात चूल. चुलीच्या अंगावर, ओली माती लिंपताना फिरलेली बोटं तशीच उमटलेली होती. बाजूच्या उभ्या छेदात सारवणाचे पातळ थर एकावर एक चढलेले. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी जमीन सारवत राहिलं होतं.

दादा आले, खड्ड्यात बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "आपली मान्सं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी खरं ते सांगितलं. घर होतं, माणसं खूप काळ राहिली, तटाच्या आत जशी मडकी सापडली तशीच इथंही आहेत. पण ती माणसं कोण होती, हे मातीवरून सांगता येत नाही. दादांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस ते ज्याची वाट बघत होते, ते मी त्यांच्या हातात ठेवून लगेच काढून घेतलं होतं. निदान चूल तरी जवळून बघतील म्हणून मी म्हटलं, "दादा, खाली या की."

ते जागचे हलले नाहीत.

"नगं. कुणाचं का असंना, घर हाय. इचारल्याबिगर कसं शिरायचं?"

ज्याला लहानपणी गावात कुणाच्या ओट्यावरही चढू दिलं नव्हतं, तो माणूस हे बोलत होता. मला तिथंच रडू फुटलं. बाया हातातलं काम थांबवून बघत राहिल्या. सर मागं कधी येऊन उभे राहिले होते, ते मला कळलंही नव्हतं.

मोजमापं, फोटो, नकाशा, सगळं उरकलं. सारवलेल्या जमिनीवर आम्ही वाळू पसरली आणि यंत्रांना वाट करून दिली. आता तिथं पत्र्याची मोठी शेड आहे आणि बाहेर ट्रक लागलेले असतात.

उन्हाळ्यात सरांनी लिहिलेला अहवालाचा कच्चा मसुदा आला. घरांबद्दलचं पान मी दादांना वाचून दाखवलं. सरांनी घरांना एकापासून क्रमांक दिले होते. तटाच्या आतलं शेवटचं घर अकरावं, आणि त्यापुढं तटाबाहेरचं, बारावं. दादांनी मला मध्येच थांबवलं.

"येका वळीतच हाय न्हवं? येगळं न्हाय ना काढलं?"

"न्हाय दादा. येकाच वळीत हाय."

मग त्यांनी मला ते पान पुन्हा पहिल्या घरापासून वाचायला लावलं.